आत्याची चित्रं भिंतीवर लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेकडे एखाद्या विस्मृतीत गेलेल्या चित्रकर्तीचं छोटं प्रदर्शन लागलं की नंतर आमच्याकडे लोकांचे फोन सुरू होतात. "आमच्याकडेपण आहेत हो, मोठ्या आत्याची." कुणाला चित्रं दाखवायची असतात, कुणाला विकायची, कुणाला फक्त ओल लागलेली ट्रंक रिकामी करायची असते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात जे आलंय ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आत्याची पुष्कळ चित्रं माळ्यावर आहेत. सुरुवात कुठून करू?

वहीपासून. फ्रेमवाल्याकडे लगेच जाऊ नका. नवी फ्रेम करताना तो मागचा जुना पुठ्ठा टाकून देतो आणि नाव, शाळा, इयत्ता, बक्षिसाची चिठ्ठी नेमकी त्याच पुठ्ठ्यावर असते. दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक चित्राचा पुढून एक फोटो, पाठीमागून एक फोटो. उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये. कागद, कॅनव्हास, पुठ्ठा की कापड. कुठल्या ट्रंकेत सापडलं, कशात गुंडाळलं होतं. कागदावरच्या चित्राला मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीनं अलगद क्रमांक घाला; बॉलपेन किंवा स्टिकर नको.

गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका. एकाच वर्तमानपत्रात गुंडाळलेली चित्रं बहुधा एकदमच बांधून ठेवलेली असतात आणि त्या वर्तमानपत्राची तारीख पुढे कामाला येते (प्रश्न ५). ट्रंकेतली रद्दीही ठेवा. परीक्षेचे दाखले, पोस्टकार्डं, रंगांच्या दुकानाची बिलं, आटलेल्या ट्यूबा, सगळं. चित्रं टिकवणारी घरं आम्ही पुष्कळ पाहिली. हे कागद टिकवणारी फार कमी.

२. पण ती काही मोठी चित्रकार नव्हती. प्रदर्शन करण्याएवढं खरंच काही आहे का?

हा प्रश्न बहुतेकदा घरातला एखादा काका विचारतो, तोही चित्रं न बघता. आधी सगळी जमिनीवर मांडून बघा. ती कुठे शिकली होती का, संसार आणि नोकरी लागल्यावरही काढत राहिली का, आणि काही चित्रांत तरी बघणं तिचं स्वतःचं आहे का? फुलदाणी आणि दोन आंबे सगळ्याच विद्यार्थिनींनी काढलेत. पण हळदीच्या पोत्यांमागे बसून हिशेब घालणारी बाई, बाळंतिणीच्या खोलीतला अंधार, कृष्णेच्या घाटावर धुणं बडवताना कमरेत वाकलेल्या पाठी, असं काही दिसलं तर थांबा. अशी आठ-दहा चित्रं असली तरी एक खोली भरते.

मात्र पत्रकात 'उपेक्षित महान कलावंत' छापायचं नाही. ते ठरवायचं काम बघणाऱ्याचं.

विसरलं जाणं आणि चित्र कमी दर्जाचं असणं यांचा फारसा संबंध नाही. अंबिका धुरंधर यांचा जन्म १९१२चा. १९३१ साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली, त्या २००९ पर्यंत होत्या, आणि तरी बहुतेकांना त्या माहीत आहेत त्या म. वि. धुरंधरांची मुलगी म्हणून. मुंबईतल्या नावाजलेल्या चित्रकाराच्या घरात हे होत असेल, तर विट्याच्या किंवा कोरेगावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवणाऱ्या बाईंचं काय होणार?

३. पाटीवर नाव कुठलं लावायचं, माहेरचं की सासरचं?

आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतंच. जुन्या पिढीत कितीतरी घरांत ताम्हनातल्या तांदळात पहिलं नावही नवं लिहिलं जायचं. त्यामुळे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचा दाखला 'कु.' लावून एका नावाचा, नोकरीचा कागद दुसऱ्या नावाचा, चित्रावर तिसरीच आद्याक्षरं. पुढे कुणी जुने कॅटलॉग चाळले तर त्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात आणि तिघींचंही काम तुटपुंजं दिसतं. चित्रं जळत नाहीत, कुणी फाडत नाही. नाव सुटतं आणि मग चित्रं कुणाचीच राहत नाहीत.

आमचा नियम असा: मोठ्या अक्षरात ते नाव, ज्यानं तिनं सही केली. एकाहून जास्त सह्या असतील तर जी जास्त चित्रांवर आहे ती. त्याखाली बारीक अक्षरात उरलेली सगळी नावं, माहेरचं पूर्ण नाव धरून. तिनं सहीत 'सौ.' लिहिलं नसेल तर तुम्ही जोडू नका. 'अमुक वकिलांच्या पत्नी' ही माहिती चरित्राच्या परिच्छेदात येऊ द्या, नावाच्या जागी नको.

एकच सही टिकवण्याचा फायदा किती, ते चित्रकार बी. प्रभा यांच्याकडे बघून कळतं. १९३३ साली नागपूरजवळच्या बेल्यात जन्म, नागपूर आणि मग मुंबईत शिक्षण, पती बी. विठ्ठल शिल्पकार. कोळिणींच्या चित्रांवर सही कायम तीच, आणि आज शोधणाऱ्याला त्या एका नावाखाली सापडतात.

४. चित्रांवर सहीच नाही. ती तिचीच कशावरून?

आधी सही असलेली दोन-तीन चित्रं शोधा आणि शेजारी ठेवून बघा: कागदाची जात, कडा कशा कापल्यात, हात कसे काढलेत. बोटं टाळायची सवय असेल तर ती सगळीकडे दिसते. मग रेखाटनांच्या वह्या. मोठ्या चित्राचं कच्चं काम वहीत सापडलं की निम्मं काम झालं. घरातले जुने फोटोही बघा, मागच्या भिंतीवर चित्र टांगलेलं दिसतं कधीकधी.

घरच्या वडीलधाऱ्यांना विचाराल तेव्हा एकेकट्यांना विचारा. सगळ्यांना एकत्र बसवलं की जो मोठ्यानं बोलतो त्याचीच आठवण खरी ठरते. "त्या छान काढायच्या ना?" या प्रश्नाला "हो" यापलीकडे उत्तर येत नाही. रंग कुठून आणायच्या, कुठल्या वेळी बसायच्या, तेव्हा पोरं कोण सांभाळायचं, ओलं चित्र वाळत कुठे ठेवायच्या, असं विचारा. आणि फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा.

बाहेर चित्रं पाठवल्याचं घरात बोललं जात असेल तर तोही माग काढता येतो. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे, तिच्या प्रदर्शनांचे कॅटलॉग निघत आले. मासिकांकडे पाठवलं असेल तर जुने अंक पाहा. 'स्त्री' मासिक १९३० साली किर्लोस्करवाडीहून सुरू झालं, म्हणजे आपल्याच पलूस तालुक्यातून. वाचनालयात बसून चाळायला दोन-चार दुपारी लागतील, पण घरातल्या आठवणीला छापील आधार मिळतो.

एवढं करून पाटीवर खात्रीची पायरी स्पष्ट लिहा: 'सही असलेलं', 'कुटुंबीयांच्या माहितीनुसार', 'त्यांचं असावं'. आणि कृपा करून तिच्या वतीनं कुणी सही ठोकू नका. मार्करनं केलेल्या अशा सह्या आम्ही पाहिल्यात. चांगल्या चित्रावरचा विश्वास त्यानं उडतो.

५. चित्राचं साल कसं ठरवायचं?

चित्राची पाठ वाचून. पत्त्याची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचं लेबल, स्पर्धेचा फॉर्म चिकटलेला असेल तर पुढच्या खुणा बघा.

'औंध संस्थान' किंवा 'सांगली संस्थान' असा शिक्का असेल तर चित्र बहुधा विलीनीकरणाच्या, म्हणजे १९४८च्या आधीचं. आपल्या भागाची सगळ्यात सोयीची खूण म्हणजे 'जि. दक्षिण सातारा'. हा जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे त्या चिठ्ठीला अकरा वर्षांची चौकट आपोआप मिळते. (जुनी सवय म्हणून लोक पुढेही थोडे दिवस तसंच लिहीत, ती सूट धरा.) किंमत आण्यात असेल तर बहुतेक १९५७च्या आधीची, कारण त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

जाड जलरंगी कागद उजेडासमोर धरून पाहा. 'व्हॉटमन'सारख्या कागदात जलचिन्ह असतं, काहींत वर्षही असतं. पण ते कागदाचं वर्ष. चित्र त्याआधीचं नाही, एवढंच त्यातून कळतं. चांगला कागद बायका वर्षानुवर्षं जपून ठेवायच्या. फ्रेमवाल्याच्या लेबलाचंही तसंच, फ्रेम नंतर झालेली असू शकते.

नक्की वर्ष मिळालं नाही तर 'अंदाजे १९५०-१९६०' लिहा. शंका दाखवणारी पाटी खोट्या अचूक पाटीपेक्षा बरी.

६. एक चित्र रविवर्म्याच्या लक्ष्मीसारखं दिसतं. ही नक्कल लावायची का?

आधी ते हातानं रंगवलंय की छापील, ते बघा. भिंगातून पाहिलं आणि रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसला तर तो छापील ओलिओग्राफ आहे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या चित्रांनी महाराष्ट्रातली देवघरं भरली. वरून वॉर्निश मारल्यामुळे ही छपाई तैलचित्रासारखी चमकते आणि भल्याभल्यांना चकवते.

छापील निघालं तरी बाजूला टाकू नका. अशा चित्रांवर जर, टिकल्या, मणी आणि कापड शिवून देवीला साडी नेसवायची पद्धत होती. टाके आत्याचे असतील तर ते तिचं काम आहे. तिच्या नावासह, 'छापील चित्रावर भरतकाम' असं लिहून लावा.

हातानं केलेली नक्कल असेल तर ती तिच्या शिक्षणाचा भाग म्हणून एक-दोन लावा, 'अमुक चित्रावरून' असं लिहून. जास्त लावल्या तर लोक तिला नक्कलकार समजतात.

७. आमचे आजोबाच चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी हात फिरवला असेल तर?

फिरवला असेलच. विद्यार्थ्याच्या चित्रावर गुरुजींनी दोन फटकारे मारणं ही वर्गातली रोजची गोष्ट होती, मुलग्यांच्या चित्रांवरही. गंमत म्हणजे मुलग्यांच्या बाबतीत हा प्रश्न आम्हाला अजून कुणी विचारलेला नाही.

अर्धवट राहिलेली चित्रं आणि रेखाटनांच्या वह्या इथे उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावर सहसा कुणी हात फिरवत नाही. आजोबांच्या पश्चात काढलेली चित्रं वेगळी काढा आणि आधीच्यांशी ताडून बघा. त्यांचा हात खरंच दिसत असेल तर पाटीवर तसं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. मंगलाबाई थंपुराट्टी रविवर्म्याच्या बहीण, त्याच घरात चित्रं काढणाऱ्या. त्यांनी काढलेलं रविवर्म्याचं व्यक्तिचित्र आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

८. भरतकाम, रांगोळीच्या वह्या, मण्यांचे रुखवताचे नमुने पण लावू का?

रांगोळीच्या वह्या नक्की लावा, त्यांत रचना करायची सवय दिसते. बाकीचं चित्रांशी नातं दिसत असेल तरच. सगळंच मांडलं तर रुखवत होतं.

९. चित्रांना पुराचं पाणी लागलंय. काही वाचेल का?

२०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि २०२१ साली पुन्हा गावात आलं. त्यामुळे हा प्रश्न सांगलीत दर पावसाळ्यात येतो.

चित्र अजून ओलं असेल तर घाई आणि धीर दोन्ही लागतं. साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. काचेला चिकटलेलं चित्र ओढून काढू नका, रंग काचेवर राहतो. काचेसकट आडवं ठेवा. सुटे कागद जाळीवर किंवा टीपकागदावर सावलीत पसरा. पंखा चालेल, पण त्याचा झोत चित्रावर नको. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य. चिखल बोटानं पुसू नका. कागद फार आणि जागा कमी असेल तर बटरपेपर मध्ये घालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि पुढचा विचार करायला वेळ मिळतो. कॅनव्हासवरची तैलचित्रं मात्र फ्रीझरमध्ये कधीही नाही.

जुना पूर, वाळलेला डाग, काळी-हिरवी बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून ते चित्र इतरांपासून वेगळं काढा. पुढचं काम जाणकाराचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृतींचं जतन करणारं केंद्र आहे. फोटो पाठवून आधी सल्ला घ्यावा. आणि डागासकट चित्र लावायला हरकत नाही. कृष्णाकाठच्या घरात राहिलेल्या चित्रावर पाण्याची रेघ असणारच.

१०. घरच्या घरी साफ करता येईल का?

मऊ कोरड्या ब्रशनं वरवरची धूळ, तीही रंग सुटत नसेल तर. बस. बटाट्याची फोड, पाव, ओलं फडकं, खोबरेल, यांतलं काही नको. सेलोटेप, फेव्हिकॉल नको. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा काढता येत नाही.

११. प्रदर्शन कुठे, कधी आणि कसं लावायचं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हॉलच्या भिंती घाम फोडतात आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी कुणी फिरकत नाही. वाचनालयाचा हॉल किंवा शाळेचा चित्रकलेचा वर्ग मंगल कार्यालयापेक्षा बरा. कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाच्या फुलांचा वास आणि स्वयंपाकाची वाफ असते. जुन्या वाड्यात लावत असाल तर पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा ठोकायच्या फंदात पडू नका. तुळईखाली लोखंडी नळी बांधा आणि तिला साखळीनं चित्रं टांगा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर. शाळेची पोरं येणार असतील तर थोडा खाली.

कागदावरच्या चित्रांना उजेड कमीच हवा, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास. तैलचित्रांना १५० ते २०० चालतो. फोनवरचं अ‍ॅप अंदाज देतं. हॅलोजन तापतो, एलईडी वापरा. खिडकीतलं ऊन सरकत कुठवर येतं ते आदल्या दिवशी दुपारी उभं राहून बघा.

मांडणी कशी असते ते बघायचं असेल तर एकदा औंधला जाऊन या. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्री भवानी संग्रहालय साताऱ्यापासून फार लांब नाही. रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे. पाट्या वाचताना बायकांची नावं किती येतात तेही मोजा.

१२. चित्र माझ्याकडे आहे. मग कॅलेंडर छापायला दुसऱ्या कुणाला विचारायची काय गरज?

गरज आहे. चित्राची मालकी वेगळी आणि छापायचा हक्क वेगळा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क टिकतो. आत्या १९७० साली गेली असेल तर २०३०च्या ३१ डिसेंबरपर्यंत. तोवर तो तिच्या सगळ्या वारसांचा, चित्र कुणाच्याही दिवाणखान्यात असो. विकत घेणाऱ्यालाही लेखी करार केल्याशिवाय तो मिळत नाही. छापण्याआधी सर्व वारसांची सही असलेला साधा कागद करून ठेवा. कॅलेंडर छापून झाल्यावर चुलतभाऊ नोटीस पाठवतात.

१३. एका डॉक्टरांनी पैसे देऊन स्वतःच्या आईचं चित्र आत्याकडून काढून घेतलं होतं. तोही हक्क आमचाच?

बहुधा नाही. मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. पण तिचं नाव लावण्याचा हक्क तिचाच राहतो. अशी चित्रं प्रदर्शनासाठी उसनी आणा, पोचपावती द्या आणि छापायला त्या घराची परवानगी घ्या.

१४. किंमत किती येईल?

अमृता शेरगिल यांचं 'द स्टोरी टेलर' २०२३ साली ६१ कोटी ८० लाखांना गेलं, ती बातमी वाचून हे फोन येतात. शेरगिल यांच्या मागे नऊ दशकांचं लेखन, संग्रहालयं आणि सरकारनं दिलेला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. ज्या चित्रकर्तीचं एकही चित्र आजवर उघड बाजारात विकलं गेलेलं नाही, तिच्या चित्राला बाजारभाव नसतो. प्रदर्शनाआधी विकू तर मुळीच नका. सगळं काम एकत्र असतानाच तिची ओळख पटते. पुढे कधी विकलंत आणि घेणाऱ्यानं ते दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं, तर त्यात वारसांना वाटा मागायची तरतूद कायद्यात आहे. क्वचितच कुणी मागतं.

१५. मुलगी अमेरिकेत आहे, तिला दोन चित्रं पाठवायची आहेत.

आधी वय बघा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं चित्र १९७२च्या कायद्याखाली पुरावस्तू धरलं जातं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, घरचं असलं तरी. त्याहून नवं असेल तर सालाचे पुरावे (प्रश्न ५) सोबत ठेवा, विमानतळावर तेच विचारतात.

१६. तिची पत्रं सापडली आहेत. त्यांत घरातल्यांविषयी बरंच काही आहे. लावायची का?

चित्रांविषयी, रंगांविषयी, वेळ मिळत नसल्याविषयी जे असेल तेवढंच. हयात माणसांची नावं असलेली पानं काचेखाली जात नाहीत. फाडून मात्र टाकू नका, पाकिटात घालून वहीबरोबर ठेवा.

१७. आजी नव्वदीची आहे. आम्हाला प्रदर्शन करायचंय, ती नको म्हणते.

मग करायचं नाही. "तिला सरप्राइज देऊ" हा बेत तर सोडूनच द्या.

ती का नको म्हणते ते मात्र शांतपणे विचारा. कधी तिला ठरावीक चित्रं दाखवायची नसतात आणि बाकीच्यांना तिची हरकत नसते. कधी लोक हसतील अशी भीती असते, कधी चित्रांतली माणसं अजून गावात असतात. कधी काहीच कारण सांगायचं नसतं, तेही मान्य करावं. स्वीडनच्या चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंट १९४४ साली गेल्या. मृत्यूनंतर वीस वर्षं आपली अमूर्त चित्रं दाखवू नयेत असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. लोकांनी ती मोठ्या प्रदर्शनात पाहिली थेट १९८६ साली, आणि त्यानंतर अमूर्त चित्रकलेचा इतिहास पुन्हा तपासावा लागला. तेव्हा थांबल्यानं चित्रांचं काही बिघडत नाही, ती नीट ठेवलेली असली तर.

तोवर प्रश्न १ मधलं काम तिच्यासोबत बसून करा. कुठलं चित्र कधीचं, कोण बसलंय, सही का केली नाही, हे सांगणारी ती एकटीच आहे. प्रत्येक चित्रापुढे 'दाखवायचं', 'नंतर दाखवायचं', 'दाखवायचं नाही' यांपैकी एक तिच्याकडूनच वहीत लिहून घ्या, खाली तारीख आणि तिची सही.